केळीच्या खोक्यापासून बागेपर्यंत: ब्लॉकचेनवर मालाचा माग ठेवायचा, तर आधी काय आणि मग काय

दोन हंगामांपूर्वी एका खरेदीदाराने आम्हाला खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो पाठवला. फण्यांच्या देठाशी काळी कूज धरली होती. माल कोणत्या बागेतला, एवढंच त्याला हवं होतं. आम्ही कोड टाकला आणि दोन सेकंदांत बाग स्क्रीनवर आली. फक्त एक भानगड होती. ते खोकं भरलं गेलं त्याच्या चार दिवसांनंतर त्या बागेत पहिली कापणी झाली होती. पॅकहाउसमध्ये स्टिकरची गुंडाळी आधीच छापून ठेवली होती. एका दिवशी स्टिकर कमी पडले, तेव्हा पुढच्या गुंडाळीतले पंधरा-वीस काढून चिकटवले गेले. नोंद ब्लॉकचेनवर होती, त्यामुळे ती चूक आजही तिथेच आहे, चार ठिकाणी, जशीच्या तशी.

रावेर-यावल-चोपडा पट्ट्यातल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांकडून हल्ली फोन येतो, तो एकाच प्रश्नाचा: "भाऊ, ॲप कोणतं घ्यायचं?" या लेखात ॲप सातव्या टप्प्यावर येतं. त्याआधीचे सहा टप्पे नोंद खरी राहावी म्हणून आहेत; चुकीची नोंद चढली की काय होतं, ते वर सांगितलंच. उदाहरण केळीचं घेतलंय, कारण माझा हात त्यात आहे. नंदुरबारच्या मिरचीला किंवा नवापूरच्या तूरडाळीला क्रम हाच लागतो, फक्त माल एकमेकांत मिसळायची जागा बदलते. केळीत ती पाण्याची टाकी, मिरचीत वाळवणीची पथारी, डाळीत मिल.

## सुरू करण्यापूर्वी: ही वही काय करते, काय करत नाही

ब्लॉकचेन म्हणजे एकच वही अनेकांकडे असणं. नव्या नोंदी आल्या की त्यांचा गठ्ठा बांधला जातो, गठ्ठ्यावर मोहोर बसते आणि पुढच्या गठ्ठ्यात आधीच्या मोहोरेचा आकडा गुंफला जातो. मधली एक नोंद गुपचूप बदलली, तर तिथून पुढच्या सगळ्या मोहोरा जुळेनाशा होतात आणि बाकीच्यांच्या प्रतींशी मेळ बसत नाही. या मोहोरेला हॅश म्हणतात. एसएचए-२५६ पद्धतीने काढलेला हॅश ६४ अक्षरांचा असतो. फाइलमध्ये ४१२ घडांचे ४२१ केले, तर ती ६४ अक्षरं ओळखू येणार नाहीत इतकी बदलतात.

म्हणजे लिहिलेलं नंतर बदललं का, हे ती सांगते. लिहिलं तेव्हा ते खरं होतं का, हे तिला कळत नाही. घड मोजणारा माणूस, काटा आणि चिठ्ठी हे तिघे तिच्या बाहेर आहेत.

तपासा: तुमच्या पॅकहाउसमध्ये आज, ॲपशिवाय, कालच्या कोणत्याही एका खोक्याची बाग वहीतून सांगता येते का? येत नसेल, तर सातव्या टप्प्याकडे अजून पाहू नका.

## १. माग कोणाला हवा आहे, ते कागदावर लिहा

"सगळं दिसलं पाहिजे" हे उत्तर चालणार नाही. खरेदीदाराला बाग आणि फवारणी पाहायची असते. परदेशी आयातदाराला त्याच्या देशातल्या नियमासाठी विशिष्ट रकाने भरून हवे असतात. तुम्हाला स्वतःला हवं असतं ते वेगळंच: खराब निघालेल्या मालाचा पैसा कोणत्या बागेच्या हिशोबात धरायचा.

किमान मर्यादा तरी ठरलेली आहे. युरोपच्या २००२ च्या अन्न कायद्यात प्रत्येक व्यावसायिकाला माल कोणाकडून आला आणि कोणाला गेला, हे सांगता यावं लागतं. एक पायरी मागे, एक पायरी पुढे. आपल्याकडे एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, अन्न परत बोलावण्याचे विनियम २०१७ चे आहेत. खराब माल बाजारातून मागे घ्यायची वेळ आली तर तो कुठेकुठे गेला, याच्या नोंदी हाताशी असाव्या लागतात. यातल्या कुठेही ब्लॉकचेन सक्तीची नाही. नाशिकच्या द्राक्षांना अपेडाच्या (केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या) ग्रेपनेटने प्लॉटनिहाय नोंदीची शिस्त लावली, ती साध्या संगणकीय यंत्रणेवर.

मग साखळी कधी घ्यावी? एकमेकांवर पूर्ण भरवसा नसलेले तीन-चार पक्ष एकाच वहीत लिहिणार असतील तेव्हा. उत्पादक कंपनी, वाहतूकदार, पिकवणी केंद्र आणि खरेदीदार या चौघांपैकी कोणीही नंतर आकडे फिरवू नयेत, अशी गरज असेल तेव्हा. वही एकटे तुम्हीच लिहिणार आणि एकटे तुम्हीच सांभाळणार असाल, तर साधा डेटाबेस पुरे. उगाच खर्चात पडू नका.

## २. नंबर शेतकऱ्याला नको, बागेला द्या

सगळ्यात जास्त चुकणारी पायरी हीच, म्हणून इथे थोडा वेळ काढा.

एका शेतकऱ्याची एका गटात नवती (नवी लागवड) असते, दुसऱ्यात पीलबाग (जुन्या खोडाच्या पिलांवर धरलेली), नदीकाठच्या तिसऱ्या तुकड्यात कांदेबाग (हिवाळ्याच्या तोंडावर लावलेली). तिन्हींची लागवड वेगळी, रोपांची बॅच वेगळी, फवारणी वेगळी. शेतकऱ्याच्या नावाने लॉट (एका नंबराखाली जाणारा माल) केला की एका बागेतल्या फवारणीची चूक तिन्ही बागांच्या माथी बसते. आणि करपा आलेली बाग चांगल्या बागेच्या आडोशाला लपते, ते निराळंच.

नुसता गट नंबरही पुरत नाही. गट ११२ रावेर तालुक्यातल्या कित्येक गावांत सापडेल. शिवाय एका गटात दोन-तीन हिस्सेदार असतात. बटाईने केलेल्या बागेच्या सातबाऱ्यावर कसणाऱ्याचं नाव नसतंच. म्हणून कंपनीने स्वतःचा नंबर द्यावा, साधा तीन किंवा चार आकडी. त्याच्यासमोर वहीत ही माहिती:

- गाव, गट, हिस्सा. मालक कोण आणि प्रत्यक्ष कसतो कोण
- बागेच्या चारही कोपऱ्यांचं स्थान, मोबाइलवर बागेत उभं राहून घेतलेलं
- लागवडीची तारीख, वाण, रोपवाटिकेचं बिल आणि रोपांचा बॅच नंबर
- झाडांची संख्या, आणि मरतुकी वजा करून उरलेली संख्या
- फवारणी: औषधाचं नाव, प्रमाण, तारीख, डब्यावरच्या लेबलचा फोटो

शेवटची नोंद भरताना लोक महिन्याभराचं एकदम आठवून लिहितात. तसं चालणार नाही. फवारणी आणि कापणी यांत किती दिवसांचं अंतर हवं, हे औषधाच्या लेबलवर दिलेलं असतं. तारीखच अंदाजे असली तर ते अंतर तपासणार कशावरून?

नंबर एकदा दिला की बदलायचा नाही. बाग मोडली, तिथे हळद लावली, तर तो नंबर बंद. पुढच्या वर्षी तिथे पुन्हा केळी लागली तर नवा नंबर.

सावधान: आधार क्रमांक, मोबाइल नंबर, बँकेचं खातं हे साखळीवर कधीही चढवू नका. तिथे पुसता येत नाही, आणि वैयक्तिक माहितीबाबतच्या २०२३ च्या कायद्यात माणसाला आपली माहिती पुसायला सांगण्याचा हक्क आहे. साखळीवर फक्त बागेचा नंबर जाऊ द्या. नंबर कोणाचा, ते सांगणारी वही कंपनीच्या कुलपात.

## ३. लॉट म्हणजे नेमकं काय, ते ठरवा

आमची व्याख्या सरळ आहे: एक बाग, एक दिवस, एक गाडी. गाडी दोनदा भरली तर लॉट दोन.

कोड फक्त आकड्यांत ठेवा. अक्षरं आली की कोणी मराठीत लिहितं, कोणी इंग्रजीत. आम्ही असा लिहितो: ०१७-२६-०४५-१. बाग सतरा, साल २०२६, वर्षाचा पंचेचाळिसावा दिवस म्हणजे १४ फेब्रुवारी, पहिली फेरी. खोक्यावर छापताना आकडे इंग्रजी वळणाचे ठेवा, कारण दिल्लीतल्या हमालालाही ते वाचता आले पाहिजेत.

तारीख कापणीची धरायची, भरणीची नाही. उन्हाळ्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. कापणी पहाटे सुरू होते आणि पॅकहाउस रात्री बारानंतरही चालू असतं. भरणीची तारीख धरली की एकाच गाडीचा माल दोन दिवसांत फाटतो.

रंगीत फितीचा उपयोग करणाऱ्यांनी तोही कोडसोबत नोंदवावा. घड निसवला (झाडातून बाहेर पडला) त्या आठवड्याच्या रंगाची फित घडाला बांधायची, पुढच्या आठवड्याला दुसरा रंग. कापणीच्या वेळी कोणत्या रंगाचे किती घड उतरले, हे लिहिलं की मालाचं वय कळतं. वाटेतच पिवळा पडलेला माल बहुतेक वेळा जास्त वयाच्या फितीचा निघतो. एवढ्या स्वस्तात इतकी खरी माहिती देणारं दुसरं साधन माझ्या पाहण्यात नाही, आणि त्याला बॅटरीही लागत नाही.

नेहमीची चूक: "दिवसाचा एकच लॉट". सहा बागांचा माल, एक नंबर. दिसायला माग आहे, पण एका बागेचा दोष निघाला तर सहाही बागांचा माल मागे घ्यावा लागतो.

## ४. नोंद कोणत्या क्षणी, आणि कोणाच्या हाताने

माल हातातून हातात जातो किंवा त्याचं रूप बदलतं, तेव्हाच नोंद घ्या. केळीत असे सहा क्षण येतात.

कापणी. बागेच्या बांधावर चिठ्ठी: बाग नंबर, वेळ, घड, फितीचा रंग, टोळीचा मुकादम, गाडी नंबर. आमच्या टोळीच्या मुकादमाने पहिल्या दिवशी विचारलं, "हाई कसाले रे भो?" म्हणजे, हे कशाला रे भाऊ? समजावून फारसा उपयोग झाला नाही. मग मजुरीच चिठ्ठीवर द्यायला लागलो. चिठ्ठीवर जितके घड, तितका हिशोब. त्यानंतर एकही चिठ्ठी हरवली नाही.

पॅकहाउसला आवक. गाडीचं भरलेलं आणि रिकामं वजन, घड पुन्हा मोजून. बागेतला आणि इथला आकडा वेगळा आला तर दोन्ही लिहायचे. खाडाखोड करून जुळवायचे नाहीत.

धुणं आणि भरणं. इथे मालाचं रूप बदलतं: घडाच्या फण्या होतात, फण्यांची खोकी. कोणता लॉट टाकीत गेला आणि कोणती खोकी निघाली, हा दुवा याच क्षणी लिहिला नाही तर नंतर कोणत्याही तंत्राने तो जोडता येत नाही. चीक काढायच्या टाकीत एका लॉटच्या शेवटच्या फण्या तरंगत असताना दुसऱ्या लॉटचे घड सोडू नका. टाकी रिकामी दिसली, वजनकाट्याचा पट्टा रिकामा दिसला, की टाकीजवळची पाटी बदलायची. आमच्याकडे साधी काळी पाटी आहे, खडूने लॉट नंबर लिहिलेला. ती बदलणारी बाई एकच असते, आणि पाटी बदलल्याशिवाय पुढचा घड टाकीत जात नाही.

शीतगृह. खोक्यांची संख्या, आत जायची वेळ, बाहेर यायची वेळ, तापमान. केळीला साधारण १३ ते १४ अंश लागतात. त्याहून खाली गेलं की साल काळवंडते आणि नंतर दोष बागेवर ढकलला जातो. तापमानाची नोंद यंत्राने आपोआप घेतलेली बरी. रात्री तीन वाजता माणूस थर्मामीटर वाचत नाही, सकाळी उठून सगळे आकडे एका हाताने भरतो.

रवानगी. गाडी किंवा कंटेनर, सील नंबर, कोणत्या लॉटची किती खोकी.

पोच. ही नोंद घेणाऱ्याने करायची. त्याच्या वतीने तुम्ही केलीत तर साखळीला अर्थ उरत नाही.

सुपरमार्केटला माल देणार असाल तर जीएस१ चे (बारकोडचे क्रमांक देणाऱ्या संस्थेचे) क्रमांक घ्यावे लागतील: मालाचा एक, ठिकाणाचा एक, पॅलेटचा एक. भारतातल्या कंपन्यांचे बारकोड ८९० ने सुरू होतात. स्वतःचा कोड सोडू नका. तो लॉट नंबरच्या जागी जसाच्या तसा बसतो.

## ५. वजनाचा ताळा

हा टप्पा कोणी सांगत नाही, आणि खोटेपणा पकडला जातो तो इथेच. आत आलेलं वजन आणि बाहेर गेलेलं वजन जुळतं का, हे दर लॉटला पाहायचं.

समजा, १४ फेब्रुवारीला बाग ०१७ मधून ४१२ घड आले, रास (घडाचं सरासरी वजन) २४ किलोची. म्हणजे ९,८८८ किलो. बाहेर काय गेलं? १३ किलोची ५४० खोकी, ७,०२० किलो. वापसी (नाकारलेला) माल १,७०० किलो, फण्या काढून उरलेला दांडा ९५० किलो. एकूण ९,६७०. फरक २१८ किलो, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आत. पाणी, काट्याचा फरक, टोळीने घरी नेलेल्या दोन फण्या. ठीक आहे.

आता त्याच लॉटवर ५४० ऐवजी ६४० खोकी लिहून आली तर? बाहेर गेलेलं वजन १०,९७० किलो. आत आलं त्यापेक्षा हजार किलोहून जास्त. काट्यावर चढलेला दांडा आणि वापसी धरली की हे बसत नाही. दुसऱ्या बागेचा, कदाचित नोंद नसलेल्या बाहेरच्या शेतकऱ्याचा माल या नंबराखाली गेलाय. भाव चढलेला असतो तेव्हा हे हमखास होतं.

किती टक्के फरक चालवायचा, ते तुमच्या काट्यावर आणि मालावर ठरतं. पहिले वीस लॉट मोजा, मग मर्यादा घाला. आम्ही तीन टक्के धरतो. त्याच्या वर गेलेला लॉट व्यवस्थापकाच्या सहीशिवाय रवाना होत नाही.

तपासा: दांडा आणि वापसी खरंच काट्यावर चढतात का, की ताळा जुळावा म्हणून आकडा मागून भरला जातो? सलग चार लॉटमध्ये फरक बरोबर शून्य आला, तर कोणीतरी आकडे बसवतंय.

## ६. पंधरा दिवस नुसत्या वहीवर

आता हे सगळं कागदावर पंधरा दिवस चालवा. रोज संध्याकाळी एक साधी गोष्ट करा. दिवसाचा तक्ता संगणकात उतरवा, फाइल बंद करा, तिचा हॅश काढा (हे करणारी मोफत साधनं मिळतात) आणि ती ६४ अक्षरं सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि खरेदीदाराला पाठवा. झाली गरिबाची ब्लॉकचेन. महिन्याने कोणी तक्त्यातला आकडा बदलला, तर हॅश जुळणार नाही आणि मूळ हॅश शंभर जणांच्या मोबाइलमध्ये असेल.

यात एक खाच आहे. तीच फाइल उघडून, काही न बदलता, पुन्हा सेव्ह केली तरी हॅश बदलू शकतो, कारण सॉफ्टवेअर आतल्या तारखा वगैरे बदलतं. म्हणून मोहोर लावलेली फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये हात न लावता ठेवा. पाहायला दुसरी प्रत वापरा. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात यावरून भांडण झालं. कोणी काही केलं नव्हतं, अकाउंटंटने फाइल उघडून रकाना रुंद केला होता.

या पंधरा दिवसांत कळेल की कोणती चिठ्ठी कोरी येते, कोण वेळ अंदाजे लिहितो आणि कोणता रकाना कोणालाच लागत नाही. न लागणारे रकाने आत्ताच काढून टाका. एका नोंदीला मिनिटापेक्षा जास्त लागलं की घाईच्या दिवशी ती होणार नाही.

## ७. आता साखळी आणि ॲप

वहीचा मेळ बसला असेल तर विक्रेत्याला बोलवा. त्याच्यासमोर हे प्रश्न ठेवा, उत्तरं लेखी घ्या.

प्रती कोणाकोणाकडे राहणार? सगळ्या प्रती विक्रेत्याच्याच सर्व्हरवर असतील तर ती नावापुरती साखळी. हवं तर एकटा तो सगळ्या प्रती बदलू शकतो. किमान खरेदीदाराकडे आणि तुमच्याकडे स्वतंत्र प्रत हवी.

कोण लिहू शकतं, कोण फक्त वाचू शकतं? अन्नाच्या कामाला बहुतेक जण परवानगीची साखळी घेतात, हायपरलेजर फॅब्रिकसारख्या मंचावर बांधलेली. तिच्यात ओळख पटलेलेच पक्ष लिहितात. इथेरियमसारख्या खुल्या साखळीवर प्रत्येक नोंदीला शुल्क पडतं आणि ते वर-खाली होत राहतं. तिथे प्रत्येक घड लिहायला जाऊ नका. दिवसाचा एक हॅश ठेवायला मात्र ती चांगली.

भाव दिसणार का? शेतकऱ्याला दिलेला दर खरेदीदाराला दिसू नये, आणि एका खरेदीदाराचा दर दुसऱ्याला. हे आधी बोलला नाहीत, तर पहिल्याच महिन्यात सभासद सोडून जातील.

फोटो आणि कागद कुठे? फाइली बाहेर साध्या साठवणीत ठेवा, साखळीवर फक्त त्यांचा हॅश. अख्खे फोटो साखळीवर टाकू म्हणणाऱ्याला धंदा कळलेला नाही.

उद्या तुम्ही बंद पडलात तर? सगळ्या नोंदी साध्या तक्त्याच्या रूपात, आमच्या हाती, केव्हाही. हे करारात नसेल तर सही करू नका.

मोबाइलचं म्हणाल, तर सातपुड्याच्या पायथ्याच्या बागांत रेंज येते-जाते. ॲप रेंजशिवाय नोंद घेऊन नंतर चढवणारं हवं. पण त्यात दोन वेळा लागतात: नोंद घेतल्याची आणि चढवल्याची. विक्रेत्याला दोन्ही रकाने दाखवायला सांगा. मोबाइलची वेळ हाताने बदलता येते, म्हणून दोन्हींत सहा-सात तासांहून जास्त अंतर असलेल्या नोंदी रोज डोळ्याखालून घाला. आमच्या एका मुलाच्या सगळ्या कापण्या संध्याकाळी साडेसहाला, गावातल्या चहाच्या टपरीवर झालेल्या दिसत होत्या. स्थानाच्या नकाशाने सांगितलं. तो दिवसभर कागदावर लिहायचा आणि संध्याकाळी एकदम भरायचा. त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. केळीचा चीक लागलेल्या हाताने टचस्क्रीन चालतच नाही. मग कागदी चिठ्ठीवर आधीच क्यूआर छापला, त्याने फक्त स्कॅन करून घडांचा आकडा टाकायचा.

## ८. स्टिकर

सुरुवातीची भानगड इथलीच होती, म्हणून नियम कडक ठेवा.

१. स्टिकर लॉट टाकीत जाताना छापायचे, आधी नाही.
२. संख्या अंदाजे खोक्यांइतकी. जास्तीचे उरले तर फाडून मोजून वहीत "रद्द" लिहायचं.
३. प्रत्येक खोक्याचा क्रमांक वेगळा. एकच क्यूआर सगळ्या खोक्यांवर असला तर एकाचा फोटो काढून कोणीही हजार छापेल.
४. खोक्याच्या आखूड बाजूला, झाकणावर नाही. झाकणं अदलाबदल होतात.
५. ओल्या पुठ्ठ्यावर चिकटवू नका. शीतगृहातून बाहेर आलेल्या खोक्यावर दव धरतं. चिकटवायचं ते आत जाण्यापूर्वीच.

क्यूआर स्कॅन केल्यावर गिऱ्हाइकाला काय दिसावं? गाव, तालुका, कापणीची तारीख. शेतकऱ्याचा हसरा फोटो टाकायची हौस असते. त्याची परवानगी घेतली असेल तर टाका, पण तो माग नव्हे. आणि "जळगाव केळी" ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय म्हणून त्या नावाचं चिन्ह प्रत्येक खोक्यावर चालत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी लागते.

## ९. चूक झाली तर

होणारच. साखळीवर पुसता येत नाही, पण दुरुस्तीची नोंद घालता येते: "अमुक नोंद चुकीची, कारण हे, बरोबर आकडा हा, दुरुस्त करणारा हा." जुनी आणि नवी दोन्ही दिसत राहतात. बँकेच्या पासबुकात चुकीची नोंद खोडत नाहीत, उलटी नोंद करतात, तसंच.

दुरुस्तीला दोन माणसं लागू द्या: एक लिहिणारा, एक मान्य करणारा. आणि दुरुस्ती केली म्हणून कोणाला बोलू नका. बोललात की लोक चुका सांगणं बंद करतात, मग वही वरून स्वच्छ दिसते आणि आतून पोकळ होते.

सावधान: माल रवाना झाल्यानंतर आलेली बागेच्या नंबराची दुरुस्ती वेगळ्या रंगात दिसली पाहिजे. तिची खबर खरेदीदाराला आपोआप जायला हवी.

## १०. महिन्यातून एकदा खोटी तक्रार करा

घड्याळ लावा. कोणालाही न सांगता शीतगृहातलं एक खोकं निवडा आणि मागे जा: लॉट, पाटी, गाडी, चिठ्ठी, बाग, शेवटची फवारणी. दुसऱ्या दिवशी उलट करा. एक बाग निवडा आणि तिची सगळी खोकी कुठे गेली ते शोधा. दुसरं काम जास्त अवघड असतं. खरी अडचण येते तेव्हा विचारलं जातं तेच.

वॉलमार्टने अमेरिकेत आंब्याच्या फोडींच्या पाकिटाचा माग काढून पाहिला, तेव्हा जुन्या पद्धतीने जवळजवळ सात दिवस लागले आणि ब्लॉकचेनवर २.२ सेकंद. हा आकडा प्रत्येक विक्रेता तुम्हाला दाखवेल. तुमच्या चाचणीत सेकंद मोजू नका. स्क्रीनवर आलेल्या बागेचा मालक, त्या दिवशीची चिठ्ठी आणि मुकादमाच्या मजुरीचा हिशोब, तिन्ही ठिकाणी तीच बाग येते का, ते पाहा. चाचणी घेणारा पॅकहाउसचा माणूस नसावा. सभासदांपैकी दोघे बोलवा, त्यांना आपल्या मालाचं काय होतं ते बघायची उत्सुकता असतेच.

तुमच्या दारापर्यंत सगळं जुळलं की पिकवणी केंद्रावर जा. माग तुटतो तो बहुतेक तिथे. हिरव्या केळीची खोकी इथिलीनच्या (फळ पिकवणाऱ्या वायूच्या) खोलीत जातात. हवेत १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग) इथिलीन वापरायला परवानगी आहे, कार्बाइडला बंदी आहे. चार-पाच दिवसांनी माल बाहेर येतो, खोक्यांतून प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ओतला जातो, आणि तुमचा स्टिकर लावलेलं रिकामं खोकं रद्दीत जातं. केंद्रचालकाशी बोलून घ्या: एका खोलीत एका वेळी कोणते लॉट, कोणत्या तारखेला आत, कोणत्या तारखेला बाहेर, आणि क्रेटला लॉटची चिठ्ठी. तो क्रेटला चिठ्ठी लावायला तयार नसेल, तर पॅकहाउसमध्येच प्रत्येक फणीवर छोटा स्टिकर लावा. तो लावायचा फणी कोरडी झाल्यावर, बाहेरच्या रांगेतल्या मधल्या केळीवर. देठाजवळ चीक असतो, तिथे तो टिकत नाही.